सडपातळ संगणकासाठी सत्तर वॅटचे ग्राफिक्स कार्ड : आरटीएक्स ३०५० (६ जीबी) लो प्रोफाइलचा चार महिन्यांचा अनुभव

आमच्या घरातील संगणक मूळचा पुण्यातील एका कार्यालयातला. तेथे काही वर्षे हिशेबाची पत्रके उघडून झाल्यावर त्याचा भाडेकरार संपला, तो इतर पुष्कळ यंत्रांबरोबर विक्रीला निघाला आणि सोलापुरात आमच्या टेबलावर येऊन बसला. ज्याला आपल्याकडे सरसकट 'सीपीयू' म्हणतात तो त्याचा डबा जेमतेम साडेनऊ सेंटीमीटर जाडीचा आहे. आत इंटेलचा आय-५ ८५०० हा २०१८ सालचा सहा कोअरचा (म्हणजे सहा गणनाकेंद्रांचा) प्रोसेसर, १६ जीबी मेमरी आणि ५१२ जीबीची एसएसडी आहे. आठव्या पिढीचाच प्रोसेसर हवा असा आग्रह मी धरला होता, कारण विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलचे जे प्रोसेसर मान्य केले आहेत ते साधारणपणे याच पिढीपासून सुरू होतात, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याआधीच्या पिढीचे यंत्र चार हजारांनी स्वस्त मिळत होते. पण त्यावर आणखी पैसे खर्च करून ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्रे तयार करण्याचा भार उचलणारे वेगळे कार्ड, बसवणे मला पटले नसते.

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि विद्यार्थ्यांसाठी पाठांचे व्हिडिओ तयार करते. मुलगी वास्तुशास्त्राच्या, म्हणजे आर्किटेक्चरच्या, तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्या कामापुरते बोलायचे तर प्रोसेसरमध्येच असलेल्या यूएचडी ६३० या ग्राफिक्सवर माझे बरेच भागत होते. हे इथे मुद्दाम नोंदवते, कारण कार्ड घेण्याआधी आपल्याला त्याची गरज आहे का, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारायला हवा. व्हिडिओ पाहणे, साधी कापाकापी करणे, दोन मॉनिटर चालवणे ही कामे हे अंगभूत ग्राफिक्स नीट करते, आणि एच.२६४ किंवा एचईव्हीसी स्वरूपातील चित्रफिती उलगडण्याची स्वतंत्र सोयही त्यात आहे. अडचण मुलीच्या कामाची होती. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमधील सायकल्स हे रेंडर इंजिन, म्हणजे आराखड्यावरून पूर्ण चित्र तयार करणारा भाग, या जुन्या अंगभूत ग्राफिक्सचा उपयोगच करून घेत नाही, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर पडतो. एका घराच्या अंतर्भागाचे एक चित्र तयार व्हायला सव्वा तास लागे आणि तेवढा वेळ संगणक दुसऱ्या कशालाही हात लावू देत नसे. सादरीकरणाच्या आदल्या रात्री अशी आठ चित्रे करायची असली की काय होते, हे वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या पालकांना वेगळे सांगायला नको.

मोठ्या कॅबिनेटचा संगणक असता तर ऐपत पाहून कार्ड घेतले असते आणि बसवले असते. सडपातळ डब्यात मात्र कार्डाची निवड त्याच्या वेगावरून होत नाही. ती जागेवरून, विजेवरून, हवेवरून आणि मदरबोर्डाशी, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डाशी, त्याचा संवाद किती रुंद वाटेने होतो त्यावरून होते. या अटींतून जे कार्ड पार पडते तेच आपले, मग त्याहून वेगवान कार्ड तेवढ्याच पैशांत शेजारच्या कपाटात का असेना.

प्रथम उंची. नेहमीच्या कार्डाची मागची धातूची पट्टी सुमारे १२ सेंटीमीटर उंच असते. सडपातळ डब्याला सुमारे ८ सेंटीमीटरची पट्टी लागते, आणि कार्डही त्याच मानाने बुटके असावे लागते. यालाच लो प्रोफाइल म्हणतात. नुसती पट्टी बदलून उंच कार्ड बुटके होत नाही. मग जाडी. मदरबोर्डावरील दोन स्लॉटांमधले, म्हणजे कार्ड खोचायच्या दोन खाचांमधले, अंतर २०.३२ मिलिमीटर असते आणि थोडे दमदार कार्ड म्हटले की ते दोन स्लॉटांची जाडी व्यापते. काही सडपातळ यंत्रांत सोळा लेनचा (लेन म्हणजे माहिती ये-जा करण्याची एक वाट) मुख्य स्लॉट नेमका वीजपुरवठ्याच्या पेटीला खेटून असतो. तेथे दोन स्लॉटांचे कार्ड शिरतच नाही, किंवा शिरले तर त्याचे पंखे पेटीच्या पत्र्याला चिकटतात. म्हणून खरेदीपूर्वी झाकण उघडून मुख्य स्लॉटाच्या शेजारी चार सेंटीमीटर मोकळी जागा आहे का, हे फूटपट्टीने मोजावे. लांबीही मोजावी, कारण पुढच्या बाजूला सीडी ड्राइव्हचा किंवा हार्ड डिस्कचा पिंजरा असतो. माझ्या यंत्रात स्लॉटापासून पिंजऱ्यापर्यंत जेमतेम वीस सेंटीमीटर जागा निघाली.

विजेचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या कार्यालयीन यंत्रांतला एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याची पेटी, बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या मापाचा नसतो. त्याचा आकार वेगळा, जोडण्या वेगळ्या. त्यामुळे तो काढून मोठा बसवता येत नाही. त्याची क्षमता १८० ते २५० वॅटच्या दरम्यान असते (माझ्याकडे २५० चा आहे) आणि ग्राफिक्स कार्डाला जोडायची सहा किंवा आठ पिनांची वायर त्यातून निघतच नाही. कार्डाला जी वीज मिळायची ती स्लॉटातूनच. स्लॉटातून मिळणाऱ्या विजेची कमाल मर्यादा ७५ वॅट आहे, आणि त्यातही १२ व्होल्टच्या वाटेने ५.५ अँपिअर, म्हणजे ६६ वॅटच येतात. काही कंपन्या आपल्या जुन्या सडपातळ यंत्रांसाठी याहून कमी मर्यादा नोंदवतात, म्हणून आपल्या मॉडेलची पुस्तिका उतरवून घेऊन ती पाहावी.

या मर्यादेवर उपाय म्हणून हार्ड डिस्कच्या साटा जोडणीतून कार्डासाठी सहा पिनांची वायर काढून देणारे जोड दुकानांत सर्रास मिळतात आणि काही कारागीर ते बिनदिक्कत लावूनही देतात. ते कृपया लावू नयेत. साटाच्या वीजजोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअरची. म्हणजे सगळी मिळून ५४ वॅट. सहा पिनांच्या जोडणीतून कार्ड ७५ वॅट मागू शकते. ही तफावत वायरीच्या उष्णतेत उतरते, आणि अशा जोडांचे प्लास्टिक वितळल्याची उदाहरणे सर्वांना माहीत आहेत. अकरावीच्या मुलांना मी विद्युतधारेचा उष्णतापरिणाम शिकवते. तो घरच्या टेबलाखाली पाहण्याची माझी इच्छा नाही.

एवढ्या अटींनंतर उरणारी नावे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. जीटी १०३० हे ३० वॅटचे कार्ड आजही दुकानांत असते, पण ते मॉनिटर जोडण्यापुरतेच समजावे. शिवाय त्याच नावाने डीडीआर४ मेमरीची एक फार मंद आवृत्तीही विकली जाते. २०१९ चे जीटीएक्स १६५० हे ७५ वॅटचे कार्ड अनेक वर्षे अशा डब्यांचे आवडते होते; आता ते बहुतेक जुन्या साठ्यातून किंवा वापरलेलेच मिळते, आणि त्यात किरणरेखन (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र काढणे) वेगाने करणारे स्वतंत्र भाग नाहीत, जे ब्लेंडरला उपयोगी पडतात. इंटेलची आर्क मालिकेतली छोटी कार्डे व्हिडिओच्या कामाला फार चांगली आहेत, एव्ही१ या नव्या व्हिडिओ स्वरूपात चित्रफीत तयार करण्याची सोयही त्यांच्यात आहे. पण त्यांना रिसायझेबल बार ही मदरबोर्डाची सुविधा लागते, आणि माझ्या यंत्राच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, ती नाही. व्यावसायिक गटातले आरटीएक्स ए२००० हे २०२१ चे कार्ड जणू अशा डब्यांसाठीच घडवले आहे, ७० वॅटमध्ये ३३२८ कोअर देते, पण नवे घ्यायचे तर माझ्या आवाक्याबाहेरचे.

एएमडीचे आरएक्स ६४०० मात्र मी जवळजवळ घेतलेच होते, आणि ते का घेतले नाही हे सविस्तर सांगायला हवे, कारण दुकानदार सर्वप्रथम तेच सुचवतात. ते एकाच स्लॉटाच्या जाडीचे मिळते, केवळ ५३ वॅट घेते, स्वस्त आहे आणि वीजपेटीला खेटलेल्या स्लॉटातही बसते. तरीही जुन्या यंत्रासाठी त्यात एक मोठी खोच आहे. हे कार्ड मदरबोर्डाशी फक्त चार लेनवरून बोलते. पीसीआय एक्सप्रेस या स्लॉटाच्या मानकाच्या चौथ्या पिढीच्या मदरबोर्डावर त्या चार लेन सेकंदाला सुमारे ८ जीबी माहिती वाहून नेतात. पण आठव्या पिढीच्या इंटेल यंत्रात स्लॉट तिसऱ्या पिढीचा असतो, आणि तेथे त्याच चार लेनवरून निम्मी, म्हणजे सुमारे ४ जीबी, वाहतूक होते. कार्डावरची ४ जीबी मेमरी पुरते तोवर हे जाणवत नाही. ती भरली की उरलेली माहिती संगणकाच्या मेमरीतून मागवावी लागते, आणि नेमक्या त्याच वेळी ही अरुंद वाट आडवी येते. म्हणजे ज्या जुन्या, छोट्या संगणकांना या कार्डाची सर्वाधिक गरज, त्यांच्यातच ते सर्वाधिक अडखळते. याखेरीज त्यात व्हिडिओ तयार करण्याची यंत्रणा मुळीच नाही आणि एव्ही१ उलगडण्याचीही सोय नाही. मालिका पाहणाऱ्याला किंवा हलके खेळ खेळणाऱ्याला ते चालेल. पाठांचे व्हिडिओ करणाऱ्या शिक्षिकेने ते घेऊ नये.

राहिले आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे रूप. एनव्हिडियाने ते फेब्रुवारी २०२४ मध्ये आणले. त्यात २३०४ कोअर आहेत, मेमरी ६ जीबी, ती सेकंदाला १६८ जीबी गतीने वाचली जाते, आणि हे सारे ७० वॅटमध्ये, कोणतीही वेगळी वायर न लावता. मदरबोर्डाशी ते आठ लेनवरून बोलते, त्यामुळे तिसऱ्या पिढीच्या स्लॉटातही त्याला सुमारे ८ जीबीची वाट मिळते. कागदावर तरी माझ्या सगळ्या अटी पुऱ्या करणारे, आणि माझ्या ऐपतीतले, हे एकच कार्ड होते.

त्याच्या नावाविषयी माझी तक्रार आहे आणि ती मी ठामपणे मांडते. आरटीएक्स ३०५० याच नावाचे कार्ड जानेवारी २०२२ मध्ये आले तेव्हा त्यात २५६० कोअर, ८ जीबी मेमरी, १२८ बिटांची रुंदी आणि १३० वॅटची भूक होती. दोन वर्षांनी आलेल्या या कार्डात कोअर कमी, मेमरीची रुंदी ९६ बिट आणि वीज जवळपास निम्मी. म्हणजे हे मुळात वेगळे आणि मंद कार्ड आहे. कमी मेमरीची आवृत्ती एवढीच त्याची ओळख नाही. त्याला वेगळे नाव द्यायला हवे होते. जुन्या ३०५० ची परीक्षणे वाचून कोणी हे विकत घेतले तर त्याची निराशा होईल आणि ती रास्त असेल. उलट बाजूनेही फसगत होऊ शकते: सडपातळ डब्यासाठी म्हणून कोणी ८ जीबीचे मागवले, तर त्याची वीजजोडणी लावायला वायरच सापडणार नाही. बिल करण्यापूर्वी खोक्यावर '६ जीबी' आणि 'लो प्रोफाइल' ही दोन्ही पदे स्वतः वाचून पाहावीत.

नव्या कार्डापर्यंत पोचण्याआधी माझी एक फसगत झाली. एका विक्रेत्याकडून मी वापरलेले जीटीएक्स १०५० टीआय म्हणून एक कार्ड घेतले होते. ते चालू झाले, विंडोजने त्याचे नावही बरोबर दाखवले. पण ब्लेंडर त्याला ओळखेना. जीपीयू-झेड हे मोफत साधन चालवल्यावर नावापुढे बनावट असल्याची खूण दिसली. कितीतरी जुन्या चिपवर नवे नाव लिहून ते कार्ड विकले गेले होते. विक्रेत्याने कार्ड परत घेतले, पैसे मात्र पूर्ण दिले नाहीत. वापरलेले कार्ड घ्यायचे असेल तर विक्रेत्याच्या समोरच हे साधन चालवावे. त्याला दोन मिनिटे लागतात, आणि प्रामाणिक विक्रेता त्याला हरकत घेत नाही.

सोलापुरात लो प्रोफाइल कार्ड कोणी ठेवत नाही, मागवून देतो म्हणतात. मला ते हातात घेऊन पाहायचे होते, म्हणून सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई गाठली आणि ग्रँट रोड स्थानकावरून लॅमिंग्टन रोडला गेले. पहिल्या दोन दुकानांत मला उंच कार्डेच दाखवली गेली. "मॅडम, बसेल की, फक्त झाकण लागणार नाही," असे एकाने अगदी मनापासून सांगितले. तिसऱ्या दुकानातल्या गृहस्थांनी मात्र आधी माझ्या संगणकाचे छायाचित्र मागितले, स्लॉट कोणता मोकळा आहे ते विचारले आणि मगच कपाट उघडले. मी घेतलेले कार्ड दोन पंख्यांचे, दोन स्लॉटांच्या जाडीचे आणि अठरा सेंटीमीटरांहून किंचित कमी लांबीचे आहे. जीएसटी धरून साडेअठरा हजार रुपये पडले. खोक्यात छोटी पट्टी वेगळी दिलेली होती, तरी ती आहे याची खात्री तेथेच करून घेतली. ती हरवली तर नंतर मिळवणे कठीण जाते.

बसवण्याचे काम मी आणि मुलीने मिळून केले. त्याआधी बायोस अद्ययावत करून घेतला, तो कार्ड नसतानाच करणे सोयीचे. मग वायर काढली, चालू करायचे बटण काही सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून बसलो. मोठी पट्टी काढून छोटी लावायला बारीक स्क्रू ड्रायव्हर लागतो आणि इथे घाई केली तर स्क्रूची खाच जाते. कार्ड स्लॉटात तिरके न धरता सरळ दाबावे. मागची खिटी 'टक्' अशी बसल्याचे ऐकू येते. आमच्या डब्यात पट्ट्या धरून ठेवणारी जी सामाईक झडप आहे ती दोन स्लॉटांच्या कार्डावर पहिल्यांदा नीट बसेना. कार्ड अर्धा मिलिमीटर वर राहिले होते. ते पुन्हा काढून, पट्टीचे खालचे टोक पत्र्याच्या खाचेत आधी घालून मग दाबल्यावर झडप लागली.

पहिल्यांदा चालू केले तेव्हा पडदा काळाच राहिला. कार्डात दोष नव्हता. मॉनिटरची केबल सवयीने मदरबोर्डाच्याच पोर्टमध्ये लावली गेली होती, आणि या यंत्रांत कार्ड बसवले की अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद होते. केबल कार्डाला लावताच चित्र आले. अंगभूत पोर्टही चालू ठेवायचे असतील तर बायोसमध्ये त्याची वेगळी निवड असते. ती मी चालू केली, कारण दुसरा मॉनिटर तिकडे जोडून कार्डाची मेमरी रेंडरसाठी मोकळी ठेवता येते. एक छोटा त्रास कायमचा आहे: डिस्प्लेपोर्टच्या केबलीची दाबायची कळ पत्र्याच्या कडेखाली जाते, आणि केबल काढायची झाली तर तेथे चपटे काहीतरी घालून कळ दाबावी लागते. ज्यांना वारंवार केबल काढ-घाल करावी लागते त्यांनी एचडीएमआय वापरावे.

चालक सॉफ्टवेअर घालताना एनव्हिडिया दोन पर्याय देते, एक खेळांसाठी आणि एक निर्मितीच्या कामांसाठी. आम्ही दुसरा घेतला. त्यानंतर जीपीयू-झेडमध्ये कार्ड आठ लेनवर, तिसऱ्या पिढीच्या गतीने जोडले गेल्याचे पाहून घेतले. तेथे चार किंवा एक असा आकडा दिसला तर कार्ड चुकीच्या स्लॉटात आहे किंवा नीट बसलेले नाही असे समजावे. सोळा लेनच्या लांबीचा पण प्रत्यक्षात चारच लेन जोडलेला दुसरा स्लॉट अशा अनेक यंत्रांत असतो आणि तो दिसायला अगदी सारखा असतो.

आता फळ काय मिळाले ते सांगते. जे चित्र पूर्वी सव्वा तास घेत होते ते ब्लेंडरमध्ये ऑप्टिक्स हा एनव्हिडियाच्या कार्डांसाठीचा पर्याय निवडल्यावर सात मिनिटांच्या आत तयार झाले. मुलगी एकटक पाहत उभी होती, आणि पूर्ण झाल्यावर तिने तेच चित्र परत एकदा लावून पाहिले. मला या आकड्यापेक्षाही एक गोष्ट मोलाची वाटते. साहित्याचा रंग किंवा खिडकीतून येणारा प्रकाश बदलून तो कसा दिसेल हे आता तिला काम करता करताच पाहता येते. पूर्वी एक बदल करून पाहायचा म्हणजे एक संध्याकाळ जात असे, म्हणून ती बदलच करत नसे. तिच्या आराखड्यांतल्या प्रकाशयोजनेत या चार महिन्यांत जो फरक पडला आहे तो तिच्या शिक्षकांनीही बोलून दाखवला.

६ जीबीची मर्यादा मात्र जाणवते. झाडे, गवत आणि मोठ्या चित्रपोतांनी भरलेला बाहेरचा परिसर एकदा मेमरीत मावला नाही आणि रेंडर अर्ध्यावर थांबले. पोतांची मापे निम्मी केल्यावर ते पार पडले. मोठ्या वसाहतीचे आराखडे करणाऱ्यांनी ही मर्यादा आधीच लक्षात घ्यावी.

माझ्या व्हिडिओंच्या कामात एवढी झेप नाही. पूर्ण एचडीतील चाळीस मिनिटांचा पाठ आधीही तयार होत होता, आता तो निम्म्याहून कमी वेळात होतो, आणि पडद्याचे ध्वनिचित्रण करताना त्याचा भार कार्डावरच्या वेगळ्या यंत्रणेवर पडत असल्याने प्रोसेसर मोकळा राहतो. एव्ही१ चित्रफिती कार्ड उलगडते, तयार मात्र करू शकत नाही. ती सोय एनव्हिडियाने पुढच्या ४० मालिकेपासून दिली. खेळांविषयी मी फार बोलू शकत नाही. सुट्टीत आलेला भाचा पूर्ण एचडीवर, मध्यम दर्जा ठेवून आणि डीएलएसएस (कमी बारकाईचे चित्र मोठे करून खेळाचा वेग वाढवणारी सोय) चालू करून समाधानाने खेळत होता, एवढे पाहिले.

उष्णता हा सोलापूरकरांचा खास विषय आहे. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४० अंशांच्या वर पारा असतो आणि दुपारी खोलीतही ३६-३७ अंश असतात. कार्डाचे तापमान खोलीच्या तापमानावरच उभे असते, त्यामुळे थंड खोलीतली परीक्षणे वाचून आपल्याकडचा अंदाज येत नाही. पहिल्या आठवड्यात लांबलचक रेंडरच्या वेळी कार्ड ७९ अंशांपर्यंत गेले. ते धोक्याचे नाही, पण छोटे पंखे वेगाने फिरू लागले की त्यांचा आवाज बारीक आणि टोकदार येतो. मोठ्या पंख्याच्या घरघरीसारखा तो कानामागे टाकता येत नाही. या कार्डाचे पंखे काम नसतानाही पूर्ण थांबत नाहीत. रात्री शांत खोलीत हलकीशी सूं सूं ऐकू येत राहते. मला हा या कार्डाचा सर्वांत मोठा दोष वाटतो.

दोन उपाय उपयोगी पडले. पहिला म्हणजे डबा आडवा ठेवून त्यावर मॉनिटर ठेवण्याची पद्धत सोडली. झाकणाला कार्डाच्या अगदी वर जाळी आहे आणि कार्डाचे पंखे तेथूनच हवा ओढतात. मॉनिटरचा पाय नेमका त्यावर येत होता. आता डबा उभा आहे, जाळीची बाजू भिंतीपासून एक वीत दूर. दुसरा उपाय अंडरव्होल्टिंगचा. आफ्टरबर्नर या मोफत साधनातून त्याच गतीसाठी थोडे कमी व्होल्टेज ठरवून दिले. शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून व्होल्टेजमधली लहानशी कपातही उष्णतेत चांगलीच दिसते. हळूहळू पायऱ्या उतरत, प्रत्येक पायरीवर तासभर रेंडर चालवून पाहिले, आणि जेथे चित्र बिघडले तेथून दोन पायऱ्या मागे आले. आता भर दुपारीही कार्ड ७१-७२ अंशांवर राहते आणि रेंडरच्या वेळेत मोजण्याजोगा फरक पडलेला नाही. धूळ मात्र आपल्याकडे कोणालाच सोडत नाही, आणि पंख्यांच्या पात्यांमधली फट बारीक असल्याने दर दोन महिन्यांनी झाकण काढून मऊ ब्रशने ते साफ करावे लागतात. साफ करताना पाती बोटाने धरून ठेवावीत.

विजेचा हिशेबही मी प्लगला लावायच्या मीटरवर पाहिला. संगणक नुसता चालू असताना पूर्वीपेक्षा आठ-दहा वॅट जास्त घेतो. नुसते कार्ड राबत असताना भिंतीतून १२० वॅटच्या आसपास, आणि प्रोसेसर व कार्ड दोन्ही पूर्ण ताणले तर १७०-१७५ वॅट. माझ्या २५० वॅटच्या पेटीला हे आरामात पेलते. १८० वॅटची पेटी असलेल्यांनी मात्र दोन्हींवर एकाच वेळी पूर्ण भार येईल अशी कामे टाळावीत, किंवा बायोसमधून प्रोसेसरचा टर्बो, म्हणजे गरजेनुसार वेग वाढवण्याची सोय, बंद करावा. घरातला ६०० व्हीएचा यूपीएस पूर्वी वीज गेल्यावर वीस मिनिटे तग धरत असे, आता रेंडर चालू असताना सहा-सात मिनिटेच धरतो. मधले काम जपून ठेवायला तेवढी पुरतात.

सतरा हजारांच्या संगणकात साडेअठरा हजारांचे कार्ड घालावे का, असे मला दोन सहकाऱ्यांनी विचारले. ज्यांच्याकडे असा सडपातळ संगणक आधीपासून आहे, त्याच्या मुख्य स्लॉटाशेजारी चार सेंटीमीटर जागा आहे, आणि ज्यांचे काम खरोखरच ग्राफिक्सवर अडते, त्यांनी ते घालावे असे माझे उत्तर आहे. एवढ्या पैशांत नवा संगणक घेऊन असे काम होत नाही, आणि पुढे यंत्र बदलले तरी हे कार्ड दुसऱ्या कोणत्याही डब्यात, मोठी पट्टी लावून, बसते. ज्यांनी संगणक अजून घेतलेलाच नाही त्यांना मी वेगळे सांगेन. याच कंपन्यांचे, याच पिढीचे उभे टॉवर यंत्र जुन्या बाजारात दोन-तीन हजारांच्या फरकाने मिळते. त्यात नेहमीच्या उंचीचे कार्ड बसते, पंखे मोठे आणि म्हणून शांत असतात, काही मॉडेलांत सहा पिनांची वायरही असते, आणि बुटक्या कार्डासाठी जास्तीचे जे पैसे मोजावे लागतात ते वाचतात. आमच्या टेबलावर टॉवर मावला नसता, कारण शेजारी मुलीचा ड्रॉइंग बोर्ड आहे आणि तो हलवायची तिची तयारी नव्हती. तुमच्या टेबलावर जागा असेल तर टॉवरच घ्या.